उसना कोड कुणाच्या खाती?

सॉफ्टवेअरमध्ये जुना कोड पुन्हा किती वापरला, हे आजवर पैशांच्या बचतीसाठी मोजले गेले. रुग्णालयातील यंत्रांपासून सरकारी सेवांपर्यंत सगळीकडे तोच कोड फिरत असताना आता दुसरे मोजमाप हवे आहे.

१ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एक इशारा प्रसिद्ध केला. तो औषधाविषयी नव्हता, एका सॉफ्टवेअरच्या तुकड्याविषयी होता. ‘आयपीनेट’ नावाच्या या तुकड्याचे काम साधे: यंत्राला नेटवर्कशी बोलता यावे यासाठी माहितीची देवाणघेवाण करणे. त्यात ११ त्रुटी सापडल्या होत्या आणि त्यांचा फायदा घेऊन बाहेरची व्यक्ती यंत्राचा ताबा मिळवू शकत होती. बाधित उपकरणांत एक प्रतिमाचित्रण यंत्रणा, शिरेतून औषध सोडणारा एक इन्फ्युजन पंप आणि एक भूल देणारे यंत्र असल्याचे उत्पादकांनी तोवर सांगितले होते. कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद एफडीएकडे नव्हती. तरीही हा इशारा अस्वस्थ करणारा होता, कारण यादी तिथेच संपते असे कुणीच खात्रीने सांगू शकत नव्हते.

याचे कारण या तुकड्याच्या प्रवासात आहे. आयपीनेट लिहिले स्वीडनमधल्या इंटरपीक या कंपनीने. तिने ते अनेक ग्राहकांना विकले. २००६ मध्ये विंड रिव्हर या अमेरिकी कंपनीने इंटरपीक विकत घेतली आणि आयपीनेट तिच्या ‘व्हीएक्सवर्क्स’ या प्रणालीत गेले. पण आधी विकलेल्या प्रती इतर कंपन्यांच्या प्रणालींमध्ये राहिल्याच. त्या प्रणाली यंत्रांत बसल्या, यंत्रे रुग्णालयांत पोहोचली. मूळ विक्रेता उरला नाही, देखभाल थांबली, कोड मात्र चालत राहिला. तेरा वर्षांनी त्रुटी उघड झाल्या तेव्हा आपल्या यंत्रात आयपीनेट आहे की नाही, हे शोधण्यापासून उत्पादकांची सुरुवात होती.

एखाद्या औषधाच्या बॅचमध्ये दोष आढळला, तर वेष्टनावरच्या क्रमांकावरून ती बॅच परत मागवता येते. सॉफ्टवेअरच्या तुकड्यांना असा क्रमांक बहुतेक वेळा नव्हताच. म्हणूनच ‘कोडचा पुनर्वापर किती होतो आणि तो कसा मोजायचा’ हा वरवर अभियंत्यांपुरता वाटणारा प्रश्न आता कायद्यांमध्ये आणि सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत आला आहे.

जुने स्वप्न

पुनर्वापरात गैर काहीच नाही. तारखांचा हिशेब करणे, संदेश कुलूपबंद करणे, छायाचित्राचा आकार कमी करणे ही कामे प्रत्येकाने नव्याने लिहावीत, हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्यातून नव्या चुका होतात ते वेगळेच. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे ‘नाटो’ने भरवलेल्या परिषदेत बेल प्रयोगशाळेचे डग्लस मॅकलरॉय यांनी हेच मांडले होते. कारखान्यात जसे ठरावीक मापाचे सुटे भाग तयार मिळतात, तसे सॉफ्टवेअरचेही मिळायला हवेत आणि गरजेप्रमाणे निवडून जोडता यायला हवेत, असे त्यांचे म्हणणे होते.

ते स्वप्न जवळजवळ पूर्ण झाले आहे. सिनॉप्सिस या कंपनीने २०२४ च्या अहवालासाठी हजारांहून अधिक व्यावसायिक सॉफ्टवेअर तपासली. त्यांतल्या ९६ टक्क्यांमध्ये कुणीही विनामूल्य वापरू शकेल असा मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, कोड होता आणि एकूण कोडपैकी ७७ टक्के कोड याच प्रकारचा होता. ही तपासणी प्रामुख्याने कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या वेळी होते. त्यामुळे हे आकडे सगळ्या सॉफ्टवेअर जगाचे सरसकट चित्र मानू नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे. एखादे अ‍ॅप आपण अमुक कंपनीचे म्हणून ओळखतो, तेव्हा त्यातला मोठा भाग त्या कंपनीतल्या कुणीच लिहिलेला नसतो.

टक्केवारीचा खेळ

पुनर्वापर मोजायची सर्वात सोपी रीत म्हणजे टक्केवारी: एकूण ओळींपैकी किती ओळी आयत्या घेतल्या? पण ही रीत दिसते तेवढी सरळ नाही.

समजा, एका चमूने स्वतः १०,००० ओळी लिहिल्या आणि ९०,००० ओळींचे एक तयार ग्रंथालय जोडले. पुनर्वापर झाला ९० टक्के. आता त्या ग्रंथालयातल्या केवळ ५०० ओळी प्रत्यक्ष वापरात येत असतील, तर तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आत येते. दोन्ही गणिते बरोबर आहेत. पहिले व्यवस्थापकाच्या सादरीकरणात शोभून दिसेल, दुसरे वाचलेल्या श्रमांच्या अधिक जवळ जाईल. पण सुरक्षेच्या दृष्टीने पाहिले, तर न वापरलेल्या ८९,५०० ओळीही यंत्रात हजर आहेत आणि त्यांतल्या एखाद्या दाराने चोर शिरू शकतो. मग खरे मोजमाप कोणते?

या गोंधळाला शिस्त लावण्याचा एक गंभीर प्रयत्न आयबीएममध्ये झाला. तिथे यावर काम केलेल्या जेफ्री पोलिन यांचे पुनर्वापराच्या मोजमापावरचे पुस्तक १९९७ मध्ये आले. काय मोजायचे यापेक्षा काय मोजायचे नाही, यावर त्यांचा भर होता. संगणकाची मूळ प्रणाली आणि भाषेसोबत येणाऱ्या सोयी मोजू नयेत, कारण त्या सगळेच वापरतात. एकच तुकडा दहा ठिकाणी वापरला तरी तो एकदाच मोजावा. आणि घेतलेला कोड बदलून वापरला असेल, तर त्याला पुनर्वापर म्हणू नये.

पोलिन यांनी खर्चाचेही एक ठोकताळ्याचे गणित दिले. नवा कोड लिहायला १ रुपया लागत असेल, तर तयार कोड समजून घेऊन न बदलता वापरायला सुमारे २० पैसे लागतात. मात्र इतरांना वापरता येईल असा कोड नीट लिहायला, तपासायला आणि त्याची माहितीपत्रके करायला सुमारे दीड रुपया लागतो. म्हणजे दोन चमूंनी तेच काम वेगवेगळे केले तर खर्च २ रुपये. एकाने नीट लिहून दुसऱ्याने वापरले तर १ रुपया ७० पैसे. तिसरा, चौथा वापरणारा आला की बचत वाढत जाते. पण ही बचत दुसऱ्याच्या खात्यात दिसते आणि वाढीव ५० पैसे पहिल्याच्या. अनेक कंपन्यांत पुनर्वापराच्या घोषणा होतात आणि कोड मात्र पुन्हा पुन्हा लिहिला जातो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

‘थोडासा बदल करून वापरू’ हा विचारही महागात पडतो. नासाच्या सॉफ्टवेअरमधील जवळपास तीन हजार पुनर्वापरित भागांचा अभ्यास रिचर्ड सेल्बी यांनी केला होता. काहीही न बदलता भाग घेतला तरी शोधणे, पारखणे आणि जुळवणे यांचा सुमारे पाच टक्के खर्च येतोच. पण किरकोळ बदल केला, की खर्च त्या बदलाच्या प्रमाणात न वाढता एकदम उडी घेतो. कारण दोन ओळी बदलण्याआधी आजूबाजूच्या दोनशे ओळी समजून घ्याव्या लागतात आणि नंतर सगळे पुन्हा तपासावे लागते.

एखादा आकडा उद्दिष्ट बनला, की तो चांगले मापक राहत नाही, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडते. १९८२ मध्ये अ‍ॅपलमध्ये प्रोग्रॅमरांकडून आठवड्याला किती ओळी लिहिल्या, याचा तक्ता भरून घेत. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी चित्र काढणाऱ्या कोडचा एक भाग नव्याने लिहून तो लहान आणि कितीतरी वेगवान केला होता. त्यांनी तक्त्यात आकडा भरला: उणे २,०००. काही आठवड्यांनी त्यांना तक्ता भरायला सांगणे बंद झाले.

‘तिथे चालले’ म्हणून

खर्चाच्या हिशेबात एक गोष्ट कधीच दिसत नाही. ती म्हणजे कोड ज्या परिस्थितीसाठी लिहिला गेला, ती परिस्थिती.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू इथून युरोपचे ‘एरियान ५’ हे रॉकेट पहिल्यांदा झेपावले आणि उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले. सोबत चार वैज्ञानिक उपग्रह गेले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतले सॉफ्टवेअर ‘एरियान ४’मधून घेतले होते, जिथे ते बिनतक्रार चालत होते. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग कितीतरी झपाट्याने वाढत होता. त्या वेगाशी निगडित एक आकडा ठरावीक जागेत मावेना, सॉफ्टवेअर थांबले आणि रॉकेटने चुकीच्या माहितीवर वळण घेतले. पर्यायी म्हणून बसवलेली दुसरी यंत्रणा त्याच कोडवर चालत होती. ती त्याच कारणाने काही क्षण आधीच बंद पडली होती.

चौकशी समितीच्या अहवालातला सर्वात बोचरा तपशील वेगळाच आहे. हा घोटाळा करणाऱ्या भागाची एरियान ५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. जुन्या रॉकेटमध्ये तो लागत असे, म्हणून नव्यातही चालू ठेवला होता. टक्केवारीच्या भाषेत हा उत्तम पुनर्वापर होता: एकही ओळ न बदलता, पूर्णपणे सिद्ध झालेला कोड.

वैद्यकक्षेत्राने हा धडा त्याआधीच फार मोठी किंमत मोजून घेतला होता. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या ‘थेरॅक-२५’ या कॅनडात बनलेल्या यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली. त्यांतल्या काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. या यंत्रात आधीच्या मॉडेलांतले सॉफ्टवेअर वापरले होते. आधीच्या ‘थेरॅक-२०’मध्येही तीच चूक दडलेली होती, पण तिथे मात्रा मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर होते. चूक झाली की फार तर फ्यूज उडायचा. नव्या यंत्रात ते अडसर काढून त्यांचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले. वर्षानुवर्षे सुरक्षित वाटलेला कोड मुळात सुरक्षित नव्हताच. त्याच्याभोवतीचे कुंपण त्याला सांभाळत होते.

या दोन्ही घटनांमधून एकच गोष्ट दिसते. ‘हा कोड आधी किती ठिकाणी चालला’ हा आकडा सुरक्षेचे मापक नाही. तो कोणत्या अटींवर चालला, हे सोबत लिहून आले तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

उसनवारीची उतरंड

आजच्या पुनर्वापरात आणखी एक पेच आहे, तो खोलीचा. आपण एक तयार तुकडा घेतो, त्याने आणखी पाच घेतलेले असतात, त्या पाचांनी आणखी वीस. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि जगभरच्या नामांकित कंपन्यांचे सॉफ्टवेअर तयार होणे अडले. काही तासांत भांडाराच्या चालकांनी तो परत ठेवला. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम होते. बहुतेकांनी तो थेट घेतलाही नव्हता. कुणाच्या तरी मार्फत तो त्यांच्याकडे आला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये प्रकरण गंभीर झाले. सॉफ्टवेअरमध्ये काय घडले याची रोजनिशी ठेवणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या विनामूल्य तुकड्यात अशी त्रुटी सापडली, की एक खास ओळ पाठवून दूरचा संगणक ताब्यात घेता येत होता. तीव्रतेच्या दहापैकी दहा गुणांची ही त्रुटी किती ठिकाणी आहे, हे गुगलच्या अभ्यासकांनी जावा भाषेच्या सर्वात मोठ्या सार्वजनिक भांडारात मोजले. आधी उत्तर आले ३५,००० हून अधिक, म्हणजे भांडारातले आठ टक्के भाग. दोनच दिवसांत त्यांनी सुधारित आकडा दिला: १७,००० हून अधिक, सुमारे चार टक्के. पहिल्या मोजणीत लॉगफोरजेचा निरुपद्रवी भाग वापरणारेही धरले गेले होते. जगातल्या सर्वात सक्षम मोजणाऱ्यांचा आकडाही ‘वापरणे म्हणजे नेमके काय’ या व्याख्येवर निम्मा होऊ शकतो, हे इथे दिसले. बाधितांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी हा तुकडा थेट घेतलेला नव्हता, एक किंवा अधिक पायऱ्या खाली होता. म्हणजे आपण तो वापरतो, हे वापरणाऱ्याला ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त.

याची किंमतही मोजली गेली. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात नोंदवले, की केवळ एका केंद्रीय खात्याचे ३३,००० मनुष्यतास या एका त्रुटीच्या निवारणात गेले. आणि ती दशकभर किंवा त्याहून जास्त काळ यंत्रणांमध्ये टिकून राहील, असा इशाराही दिला.

खोलीइतकाच महत्त्वाचा प्रश्न माणसांचा. मार्च २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टमधले अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना एका संगणकाशी जोडणी करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. मागोवा घेतल्यावर कळले, की फायली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या तुकड्यात कुणीतरी चोरदार बसवले आहे. हा तुकडा जगभरच्या लिनक्स संगणकांत असतो आणि त्याचा भार अनेक वर्षे जवळजवळ एका स्वयंसेवकाने वाहिला होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका खातेधारकाने त्याचा विश्वास मिळवून हे केले. मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधी ते उघड झाले, हे सुदैव. कोड किती जण वापरतात याच्या मोजण्या खूप झाल्या. तो किती जण सांभाळतात, हे क्वचितच मोजले जाते.

नाव पुसलेली नक्कल

आतापर्यंत पाहिलेल्या बहुतेक उदाहरणांत तुकड्याला निदान नाव होते. शोध घेता येत होता. पण पुनर्वापराची दुसरी रीत आहे: कोड उचलायचा आणि आपल्या फायलीत चिकटवायचा. ही नक्कल मूळ कोडपासून तुटते. मुळात चूक दुरुस्त झाली तरी नकलेपर्यंत ती पोहोचत नाही. एकाच दोषाच्या शंभर प्रती होतात आणि शंभर जणांना त्या वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.

अशा नकला किती? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘गिटहब’ या कोडच्या सर्वात मोठ्या सार्वजनिक भांडारातले ४५ लाख प्रकल्प तपासले गेले. चार भाषांतल्या ४० कोटींहून अधिक फायलींपैकी एकमेकींपासून वेगळ्या अशा फायली निघाल्या साडेआठ कोटी. जावास्क्रिप्ट भाषेत तर वेगळ्या फायली केवळ सहा टक्के होत्या, कारण अनेकांनी तयार ग्रंथालयेच्या ग्रंथालये आपल्या प्रकल्पात ओतली होती.

आता या नक्कलखोरीला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड मिळाली आहे. आपल्या नव्या कोडपैकी पाव भागाहून अधिक भाग एआय तयार करते आणि अभियंते तो तपासून स्वीकारतात, असे गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले होते. गिटक्लिअर या कंपनीने २०२० ते २०२४ या काळात बदललेल्या २१ कोटींहून अधिक ओळींचे विश्लेषण केले. त्यात नकलून चिकटवलेल्या ओळींचे प्रमाण ८.३ टक्क्यांवरून १२.३ टक्क्यांवर गेले. उलट कोडची फेरमांडणी करून तो इतरांना वापरण्याजोगा केल्याची खूण असलेल्या, म्हणजे जागा बदललेल्या, ओळी २०२१ मधल्या सुमारे २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांखाली आल्या. हा बदल एआयमुळेच झाला, असे या आकड्यांनी सिद्ध होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या एवढेच म्हणता येते. शिवाय हे विश्लेषण करणारी कंपनी कोड मोजण्याच्याच व्यवसायात आहे, हेही लक्षात ठेवावे. पण तर्क समजण्याजोगा आहे. चमूत कुणीतरी आधी लिहिलेला तुकडा शोधून, समजून, जोडून घ्यायला अर्धा दिवस लागतो. एआयकडून तसाच नवा तुकडा अर्ध्या मिनिटात मिळतो. मग शोधण्याचे कष्ट कोण घेणार?

इथे जुनी टक्केवारी पार फसते. एआयने दिलेला तुकडा मोजणीत ‘नवा कोड’ म्हणून जातो. प्रत्यक्षात तो आधी कुणीतरी लिहिलेल्या कोडच्या शिकवणीतून आलेला असतो. त्याला ना लेखकाचे नाव, ना आवृत्ती, ना चूक सापडल्यास कळवणारा कुणी. कागदावर पुनर्वापर कमी झालेला दिसेल आणि प्रत्यक्षात निनावी पुनर्वापर वाढलेला असेल.

घटकांची यादी

यावर आज जगाने शोधलेला उपाय खाद्यपदार्थाच्या पाकिटासारखा आहे: घटकांची यादी छापा. सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते तुकडे आहेत, कुणाचे आणि कोणत्या आवृत्तीचे, याची यंत्राला वाचता येईल अशी सूची. तिला ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात. मे २०२१ मधल्या अमेरिकी अध्यक्षीय आदेशाने तिला बळ दिले. २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यानुसार अमेरिकेत नेटवर्कशी जोडता येणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणासाठी मंजुरी मागताना ही सूची देणे बंधनकारक झाले. ऑक्टोबर २०२३ पासून अपुरे अर्ज एफडीए दाखल करून घेण्यासच नकार देऊ शकते. आयपीनेटसारखे प्रकरण पुन्हा घडले, तर शोध शून्यापासून सुरू होऊ नये, हा हेतू.

युरोपीय महासंघाचा सायबर लवचीकतेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्यातले मुख्य नियम ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. हल्लेखोर प्रत्यक्ष वापरत असलेल्या त्रुटी कळवण्याचे बंधन त्याआधी, ११ सप्टेंबर २०२६ पासून आहे. वैद्यकीय उपकरणांना तिथे वेगळे नियम आहेत, पण घरातल्या स्मार्ट वस्तूंपासून कार्यालयीन सॉफ्टवेअरपर्यंत बरेच काही या कायद्याखाली येते. युरोपला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या पुण्या-बेंगळूरुच्या कंपन्यांपर्यंत त्याची झळ पोहोचणारच.

भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा सूचीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सरकारी खाती, अत्यावश्यक सेवा आणि सॉफ्टवेअर निर्यातदार हे त्यांचे मुख्य लक्ष्य. जुलै २०२५ च्या दुसऱ्या आवृत्तीत एआय प्रणालींच्या घटकांचाही समावेश झाला. शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या चौकटीत ही सूची आणली.

यादी म्हणजे सगळे नव्हे. दोषी तुकडा यादीत आहे, पण त्याचा दोषी भाग प्रत्यक्ष चालतो का, हे यादी सांगत नाही. मग प्रत्येक त्रुटीवर धावाधाव होते. तुकडा कोणत्या परिस्थितीसाठी तपासला होता, हे ती सांगत नाही. एरियानचा अपघात तिने टळला नसता. आणि नाव पुसून चिकटवलेली नक्कल तिच्यात उतरतच नाही. त्यासाठी कोडमधले साम्य शोधणारी साधने वापरावी लागतात.

काय विचारायचे?

पुनर्वापराचा फायदा आपल्याला परका नाही. कोविड लसीकरणाच्या आपल्या डिजिटल प्रमाणपत्रांसाठी वापरलेले ‘डिव्हॉक’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुढे श्रीलंका, फिलिपिन्स आणि इंडोनेशियानेही वापरले. महासाथीच्या काळात प्रत्येक देशाने शून्यापासून सुरुवात केली असती, तर वेळ गेला असता. मुद्दा उसनवारी थांबवण्याचा नाही, ती लिहून ठेवण्याचा आहे.

त्यासाठी ‘किती टक्के’ हा प्रश्न बाजूला ठेवून चार साधे प्रश्न विचारावे लागतील. यात कुणाकुणाचे तुकडे आहेत आणि किती पायऱ्या खोलवर? ते कोणत्या परिस्थितीसाठी तपासले होते आणि आपली परिस्थिती तीच आहे का? त्यांची देखभाल आज कोण करते? आणि चूक सापडली, तर दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत किती दिवसांत पोहोचेल? हे चारही प्रश्न मोजता येण्याजोगे आहेत. शेवटचा तर सर्वात उपयुक्त, कारण त्यात बाकीचे तीन आपोआप येतात. ज्याला यादी ठाऊक नाही, त्याला दिवस सांगता येणारच नाहीत.

हे प्रश्न सॉफ्टवेअर कंपन्या आपणहून स्वतःला विचारतील, अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे ठरेल. मनुष्य-महिन्यांच्या हिशेबाने बिल लागते, तिथे कोड नीट लिहून पुढच्याचे श्रम वाचवणाऱ्याला बक्षीस मिळत नाही. प्रश्न विचारण्याची खरी ताकद खरेदीदाराकडे आहे. इन्फ्युजन पंप, मॉनिटर, प्रयोगशाळेची यंत्रे यांच्या निविदांत वीजवापर, हमीचा काळ, सुटे भाग यांची कलमे असतातच. त्यांत घटकांची सूची आणि त्रुटी दुरुस्त करण्याची मुदत ही दोन कलमे जोडायला नवा कायदा लागत नाही. महापालिकेच्या रुग्णालयापासून खासगी रुग्णालयांच्या साखळीपर्यंत कुणालाही ती आजच्या निविदेत घालता येतील. पंपाचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे असते. आज यादीविना घेतलेले यंत्र त्या सगळ्या काळात अतिदक्षता विभागात असेल आणि त्यातल्या कोडमध्ये काही सापडले, तर आपल्याकडे तो आहे की नाही, याचे उत्तर शोधायला पुन्हा शून्यापासूनच सुरुवात करावी लागेल.